अंतर्गत अवयवांतील पटकी स्नायू

अंतर्गत अवयवांतील पटकी स्नायू म्हणजे हृदय, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, गुदद्वार व मूत्रमार्ग यांसारख्या शरीराच्या आतील अवयवांत आढळणारी आणि सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे दाखविणारी स्नायू ऊती होय. आतील बहुतेक अवयवांच्या (जठर, आतडे, मूत्राशय, गर्भाशय, रक्तवाहिन्या) भित्तिका अपटकी म्हणजे पट्टे नसलेल्या स्नायूंच्या असतात. पट्टे असलेले स्नायू प्रामुख्याने हाडांना जोडलेले असतात. वर दिलेले अवयव या सर्वसाधारण नियमाला अपवाद आहेत. त्यांपैकी हृदयाचा स्नायू हा स्वतंत्र प्रकार मानला जातो. उरलेल्या अवयवांतील स्नायूंची घडण हातापायांच्या स्नायूंसारखीच असते, मात्र त्यांचे नियंत्रण त्यांच्यापेक्षा बरेच वेगळे असते.

शालेय शिक्षणात ‘पटकी म्हणजे ऐच्छिक, अपटकी म्हणजे अनैच्छिक’ असे समीकरण मनावर ठसते आणि हृदय हा त्याला एकमेव अपवाद म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात हे समीकरण इतरही अनेक ठिकाणी मोडते. स्नायूवरील पट्टे त्याच्या यंत्रणेची मांडणी दाखवितात. तो कोणाच्या आज्ञेने चालतो, हे पट्ट्यांवरून कळत नाही.

परिभाषा

या विषयाची मराठी परिभाषा अद्याप एकसारखी झालेली नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत ‘ऊती’, ‘पेशी’, ‘पटकी’ व ‘अपटकी’ हे शब्द आहेत. मराठी विश्वकोशात ‘ऊतक’ आणि ‘कोशिका’ असे शब्द येतात, तर अन्यत्र पटकी स्नायूंना ‘रेखित’ किंवा ‘रेखांकित’ स्नायू असेही म्हटलेले आढळते. जुने ग्रंथ वाचताना आणखी एक घोटाळा होण्याचा संभव असतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी व ९०० स्नायू सांगितले आहेत. तेथे ‘पेशी’ म्हणजे मांसाचा गोळा, म्हणजेच आजचा स्नायू, आणि ‘स्नायू’ म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट बंध. आधुनिक मराठीत ‘स्नायू’ हा शब्द मांसाकडे गेला आणि ‘पेशी’ हा सजीवाच्या सूक्ष्म घटकाकडे. ‘मांसपेशी’ या शब्दात मात्र जुना अर्थ अजून टिकून आहे. या लेखात पाठ्यपुस्तकातील परिभाषा वापरली आहे.

पट्टे कशामुळे दिसतात

स्नायूपेशीच्या आत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे तंतू असतात. पटकी स्नायूत हे तंतू ठरावीक अंतराने, एकमेकांत बोटे गुंतवावीत तसे मांडलेले असतात. या मांडणीच्या एका एककाला सार्कोमिअर म्हणतात. विश्रांतीच्या अवस्थेत त्याची लांबी दोन ते अडीच मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या ते पाचशेव्या भागाएवढी असते. अशी हजारो एकके एका ओळीत आली की गडद व फिकट पट्टे दिसू लागतात. आकुंचनाच्या वेळी तंतूंची लांबी कमी होत नाही, ते एकमेकांवरून सरकतात. हा सिद्धांत १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र जोड्यांनी मांडला: अँड्र्यू हक्स्ली व रॉल्फ नीडेरगेर्के ही एक जोडी, तर ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन ही दुसरी. दोन्ही हक्स्लींचे परस्परांशी नाते नव्हते.

अपटकी स्नायूतही हीच दोन प्रथिने असतात. परंतु त्यांचे तंतू शिस्तीच्या ओळींत नसल्यामुळे पट्टे दिसत नाहीत आणि आकुंचनही संथ असते. पटकी स्नायू चपळ असतो. जेथे क्षणार्धात हालचाल व्हावी लागते, तेथे आतील अवयवांतही निसर्गाने त्याचीच योजना केलेली दिसते.

कीटकांच्या उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. झुरळासारख्या कीटकाच्या आतड्यावरील स्नायूसुद्धा पटकीच असतात. झुरळ आपले आतडे इच्छेनुसार चालविते, असे अर्थातच कोणी म्हणणार नाही.

हृद्स्नायू

हृदयाची भित्तिका मुख्यतः हृद्स्नायूची बनलेली असते. सांगाड्याच्या स्नायूची पेशी कित्येक सेंटीमीटर लांब, अशाखीय व बहुकेंद्रकी असू शकते. हृद्स्नायूची पेशी त्यामानाने फारच आखूड, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे एक दशांश भागाएवढी असते. तिला फाटे फुटलेले असतात आणि तिच्यात बहुधा एक किंवा दोन केंद्रके असतात. शेजारच्या पेशी एकमेकींना विशिष्ट चकत्यांनी घट्ट जोडलेल्या असतात. या चकत्यांतील सूक्ष्म छिद्रांतून विद्युत आवेग एका पेशीतून दुसरीत सहज जातो. त्यामुळे लक्षावधी पेशी मिळून एकच पेशी असल्याप्रमाणे आकुंचन पावतात. ऊर्जेचा पुरवठा अखंड हवा म्हणून तंतुकणिकांनी या पेशीचा चतुर्थांशाहून अधिक भाग व्यापलेला असतो. मिनिटाला ७० ठोके धरले तरी दिवसाला एक लाखावर ठोके होतात, हे लक्षात घेता ही तजवीज आवश्यकच ठरते.

हृदयाच्या ठोक्याचा उगम हृदयातच असतो. उजव्या अलिंदाच्या भित्तिकेतील गतिप्रेरक पेशींचा पुंजका आवेग निर्माण करतो (त्याचे वर्णन कीथ व फ्लॅक यांनी १९०७ मध्ये केले). अलिंद व निलय यांच्या सीमेवरील दुसरा पुंजका तो आवेग किंचित थोपवून पुढे पाठवितो (तो सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये दाखविला). पुढे पुर्किंये तंतूंतून तो निलयांत पसरतो. हे तंतू यान पुर्किंये यांना १८३९ मध्ये मेंढीच्या हृदयात प्रथम दिसले होते. विशेष म्हणजे ही सारी यंत्रणा चेतापेशींची नसून रूपांतरित हृद्स्नायूचीच आहे. चेतासंस्था ठोक्यांचा वेग कमी-अधिक करते, परंतु ठोका सुरू करणे हे तिचे काम नाही.

निलयाच्या पेशीतील विद्युत आवेग सुमारे पाव सेकंदाहून थोडा अधिक काळ टिकतो; सांगाड्याच्या स्नायूत तो सेकंदाच्या काही सहस्रांश भागात संपतो. या दीर्घ आवेगामुळे एक आकुंचन बहुतांशी पूर्ण होईपर्यंत दुसरे सुरूच होऊ शकत नाही. वजन उचलताना दंडाचा स्नायू आवळून धरता येतो, तसे हृदयाचे होत नाही. तसे झाले असते तर रक्त भरायला अवसरच उरला नसता.

हृद्स्नायूला प्रत्येक ठोक्यासाठी पेशीबाहेरील कॅल्शियमची गरज असते. याचा शोध काहीसा अपघाताने लागला. लंडनमध्ये सिडनी रिंगर हे बेडकाचे हृदय क्षारयुक्त पाण्यात ठेवून प्रयोग करीत होते. ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेल्यामुळे हृदय उत्तम चालत होते, आणि शुद्ध पाणी वापरताच ते मंदावू लागले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा हा प्रभाव रिंगर यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केला. ‘रिंगर्स लॅक्टेट’ म्हणून रुग्णालयांत दिल्या जाणाऱ्या सलाइनला त्यांचेच नाव आहे.

हृद्स्नायू हृदयाच्या सीमेवर एकदम संपत नाही. फुप्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या नीलांच्या मुखाशी तो सदऱ्याच्या बाहीप्रमाणे काही अंतर बाहेर चढलेला असतो. ही बारीकशी बाब दीर्घकाळ केवळ शरीररचनेच्या अभ्यासकांपुरती राहिली. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हाइसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अलिंदांच्या अनियमित थरथरीचा उगम पुष्कळ वेळा याच बाह्यांतील पेशींत असतो. त्यानंतर या भागाचा विद्युतसंबंध तोडण्याचे उपचार रूढ झाले.

घसा व अन्ननलिका

घास गिळण्याचा आरंभ आपण करतो. पुढचे सारे आपोआप घडते. जिभेने घास मागे ढकलेपर्यंत तो परतविता येतो. तो ग्रसनीत शिरला की ग्रसनी, स्वरयंत्र व अन्ननलिकेचा वरचा भाग ठरलेल्या क्रमाने आकुंचन पावतात आणि इच्छेने ते थांबविता येत नाही. हे सर्व स्नायू पटकीच आहेत. त्यांना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी मस्तिष्कपुच्छात असतात आणि बहुतेक आज्ञा व्हेगस चेतेमार्फत पोहोचतात. श्वासाची व अन्नाची वाट येथे एकमेकींना छेदते, म्हणून क्षणभरात एक बंद करून दुसरी उघडावी लागते. अपटकी स्नायूच्या संथ गतीने ते साधले नसते. अन्ननलिकेच्या मुखाशी असलेला कंकणाकृती स्नायू तर एरवी आवळलेलाच असतो आणि गिळताना तेवढा सैल पडतो.

प्रौढ माणसाची अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांब असते. तिचा वरचा तृतीयांश पटकी, मधला मिश्र व खालचा अपटकी असे पुस्तकांतून सांगितले जाते. ते स्थूलमानाने ठीक आहे. प्रत्यक्ष मोजणीत मात्र निव्वळ पटकी स्नायू वरच्या एक-दोन सेंटीमीटरांतच आढळतो, नंतर बराच मोठा मिश्र पट्टा येतो आणि खालचा निम्म्याहून अधिक भाग अपटकी असतो. इतके असूनही आकुंचनाची लाट वरून खाली कोठेही न अडखळता जाते.

आजार मात्र हा भेद ओळखतात. पटकी स्नायूंना सूज आणणाऱ्या पॉलिमायोसायटिस या विकारात गिळण्याचा त्रास घशात व अन्ननलिकेच्या वरच्या भागात जाणवतो. त्वचा कठीण करणाऱ्या स्क्लेरोडर्मा या विकारात अन्ननलिकेचा खालचा, अपटकी भाग निकामी होतो. घास नेमका कोठे अडकतो, असे वैद्य विचारतात त्यामागे हेही एक कारण असते.

अन्ननलिकेतील पटकी स्नायूचा उगम हा वादाचा विषय होता. उंदराच्या पिलात तेथील अपटकी पेशींचेच पटकी पेशींत रूपांतर होते, असे आर्डेम पाटापूटियन (यांना पुढे २०२१ मध्ये वेगळ्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडले. नंतरच्या संशोधनाने हे मत मागे पडले आणि या पेशी डोके व मान यांतील स्नायूंच्या कुळातल्या असल्याचे दिसून आले. आणखी एक वैशिष्ट्य असे की, येथील पटकी तंतूंना व्हेगस चेतेबरोबर अन्ननलिकेच्या भित्तिकेतील स्थानिक चेतापेशींचेही धागे येऊन मिळतात. हातापायांच्या स्नायूंत असे काही नसते.

प्राण्यांनुसार फरक

अन्ननलिकेत पटकी स्नायू कोठपर्यंत असतो, हे प्राण्यागणिक बदलते. पक्ष्यांत तो मुळीच नसतो. मांजर व घोडा यांच्यात खालचा सुमारे तृतीयांश भाग अपटकी असतो. कुत्रा आणि गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी हे रवंथ करणारे प्राणी यांच्यात जवळजवळ संपूर्ण अन्ननलिका पटकी असते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत याचे प्रयोजन उघड आहे. गोठ्यात बसलेल्या गाईच्या मानेकडे पाहिले, तर खालून वर झर्रकन चढणारा गोळा कातडीवरून दिसतो, आणि चघळून झाल्यावर तोच पुन्हा खाली उतरतो. दिवसाकाठी सात-आठ तास हे चालते. घास उलट दिशेने इतक्या वेगाने आणणे हे पटकी स्नायूचेच काम आहे. तरीही ते इच्छेने चालते असे नाही. गाय डोळे मिटून स्वस्थ बसलेली असतानाही रवंथ चालूच असते.

टेंच नावाच्या युरोपीय माशाच्या आतड्यातही पटकी स्नायू असतो. पृष्ठवंशी प्राण्यांत हे अत्यंत दुर्मीळ आहे.

श्वासपटल

छाती व पोट यांमधील श्वासपटल हा काटेकोरपणे पाहता अंतर्गत अवयव नव्हे, तो सांगाड्याचाच स्नायू आहे. तथापि अन्ननलिका त्यातून आरपार जाते आणि त्याचे तंतू तिच्याभोवती वेढा घालून जठरातील आम्ल वर येण्यास अडथळा करतात, म्हणून त्याचा उल्लेख येथे केला जातो. प्राणायामात त्यावर ताबा मिळविता येतो, झोपेत ते आपोआप चालते, आणि उचकी लागली की ते कोणाचेच ऐकत नाही. मग कोणीतरी आठवण काढली असे म्हणून पाणी प्यायचे.

मल-मूत्रद्वारांचे स्नायू

गुदद्वार व मूत्रमार्ग या दोन्ही ठिकाणी द्वार आवळून धरणारे दोन-दोन स्नायू असतात: आतील अपटकी व बाहेरील पटकी. आतील स्नायू आपोआप चालतो. बाहेरील स्नायूवर मूल साधारण दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत ताबा मिळवते. हा ताबा मुख्यतः ‘सोडण्या’चा आहे. धरून ठेवण्याचे काम हा स्नायू झोपेतही मंदपणे करीतच असतो, आणि त्यासाठी त्यात न थकणारे, संथ जातीचे पटकी तंतू विपुल असतात.

या स्नायूंच्या चेतापेशी मेरुरज्जूच्या त्रिकास्थीय भागातील एका छोट्या पुंजक्यात असतात. ब्रोनिस्लाव ओनुफ्रोविच यांनी १८९९ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून तो ‘ओनुफ केंद्रक’ या नावाने ओळखला जातो. पोलिओत आणि प्रेरक चेतापेशींच्या ऱ्हासाच्या विकारात हातपाय लुळे पडले तरी हा पुंजका बहुधा बचावतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा मल-मूत्रावरील ताबा टिकून राहतो तो त्यामुळे.

प्रसूतीच्या वेळी बाहेरील गुदस्नायू फाटण्याचा संभव असतो. ही इजा वेळीच ओळखून नीट शिवली नाही तर पुढे मल रोखता येत नाही. संकोचामुळे अनेक स्त्रिया हा त्रास वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत. वास्तविक त्यावर उपचार उपलब्ध आहेत.

मण्यार व विंचू

हृद्स्नायू आणि इतर पटकी स्नायू यांतील मूलभूत भेद भूलशास्त्रात रोज अनुभवास येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारे औषध दिले की हात, पाय, घसा, स्वरयंत्र व श्वासपटल हे सर्व निश्चल होतात आणि रुग्णाला कृत्रिम श्वास द्यावा लागतो. हृदय मात्र चालूच राहते. चेता व स्नायू यांच्या सांध्यावर हे औषध काम करते, आणि हृदयाचा ठोका अशा सांध्यावर अवलंबून नसतो.

मण्यार सापाचे विष याच सांध्यावर आघात करते. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या दिवसांत रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावल्याच्या घटना घडतात. दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. पहाटे पोटात किंवा घशात दुखू लागते, पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही, आवाज बदलतो आणि शेवटी श्वासपटल थांबते. हृदय अद्याप चालू असते, म्हणूनच वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर रुग्ण वाचू शकतो. गिळता न येणे हे या दंशाचे गंभीर लक्षण होय. अशा रुग्णाला तोंडाने पाणी किंवा औषधी काढा देऊ नये, ते श्वासनलिकेत जाते. मण्यारीवरील प्रतिविष नाग, घोणस व फुरसे यांच्यावरील प्रतिविषासह एकत्रच मिळते.

लाल विंचवाच्या दंशात परिणाम नेमका उलटा होतो. त्याच्या विषाने चेतासंस्थेतून उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो. घाम फुटतो, हातपाय थंड पडतात, आणि हृद्स्नायूवर प्रचंड ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते. कोकणात या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मोठ्या संख्येने दगावत असत. रायगड जिल्ह्यातील बिरवाडी व महाड येथे काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या हृदयावरील परिणामांची बारकाईने नोंद केली. ती १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिन या औषधाचा वापर सुरू केला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. ग्रामीण भागात राहून केलेल्या वैद्यकीय संशोधनाचे हे एक ठळक उदाहरण आहे. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

हृद्स्नायूची हानी व पुनर्निर्मिती

हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा तुटून हृद्स्नायूचा काही भाग मरतो. मृत पेशींतून ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात येते. अपटकी स्नायूत ते नसतेच, आणि हृद्स्नायूतील त्याचे रूप सांगाड्याच्या स्नायूतील रूपाहून वेगळे असते. छातीत दुखत असलेल्या रुग्णाच्या रक्ताची जी तपासणी केली जाते, ती या फरकावर आधारलेली आहे.

मेलेल्या हृद्स्नायूच्या जागी व्रणऊती तयार होते. ती आकुंचन पावत नाही. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा मागोवा घेऊन स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखविले की, पंचविशीत दरवर्षी सुमारे १ टक्का हृद्पेशी नव्याने येतात आणि वयाच्या ७५व्या वर्षी हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. झटक्याची हानी भरून काढण्यास ते पुरेसे नाही. झेब्राफिश या लहानशा माशात मात्र हृद्स्नायू पुन्हा तयार होतो. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये या पुनर्निर्मितीस चालना देणाऱ्या एका प्रथिनाचे कार्य दाखविले.

मुंबईतील केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६०च्या दशकात वेगळी वाट धरली होती. सापाच्या हृदयाचा स्नायू स्पंजासारखा असून आतील रक्त त्याच्या पोकळ्यांत थेट शिरते. माणसाच्या हृद्स्नायूला बारीक छिद्रे पाडली तर त्यालाही तसेच रक्त मिळेल का, असा त्यांचा प्रश्न होता. सेन, उदवाडिया, किनरे व परुळकर यांचा या पद्धतीवरील निबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी छिद्रे फार काळ मोकळी राहत नाहीत. तरी ती कल्पना पुढे लेसर किरणांच्या साहाय्याने परदेशांत पुन्हा आजमावली गेली.

त्याच रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. दक्षिण आफ्रिकेतील पहिल्या हृदयारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा देशात १९९४ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत पहिले यशस्वी हृदयारोपण झाले. मुंबईत मात्र यशस्वी हृदयारोपण होण्यास २०१५चा ऑगस्ट उजाडला. त्या वेळी पुण्यातील दात्याचे हृदय मुंबईस नेण्यात आले. शरीराबाहेर काढलेले हृदय थंड ठेवले तरी साधारण चार तासांच्या आत बसवावे लागते. बसविताना त्याच्या चेता जोडल्या जात नाहीत. व्हेगस चेतेचा लगाम सुटल्यामुळे नव्या शरीरात ते विश्रांतीच्या वेळीही मिनिटाला ९० ते ११० ठोके देत राहते.